जिद्द पुरे, आता उतार हवा

"मॅडम, पायऱ्या नाहीतच म्हणा ना. फक्त चार आहेत."

गेल्या सात महिन्यांत रोह्यात घर शोधताना हे वाक्य मी थोड्याफार फरकाने इतक्यांदा ऐकले आहे, की त्यातल्या 'फक्त' या अव्ययावर एक स्वतंत्र टिपण लिहिता यावे. कोणी "फक्त एक जिना" म्हणतो, कोणी "फक्त लिफ्टपर्यंतच्या तीन पायऱ्या". एका सद्गृहस्थांनी तर, "पायऱ्या आहेत, पण फार सोप्या आहेत," असे सांगितले. बोलणारे सगळे सज्जन होते. कोणी टाळाटाळ केली नाही, कोणी तुसडेपणा केला नाही. म्हणूनच हा प्रश्न व्यक्तीच्या सौजन्याचा नाही, असे मी म्हणते. सौजन्य भरपूर आहे. नाही तो उतार.

माझ्यापुरती माहिती थोडक्यात सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचे विवेचन हवेत तरंगेल. वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओने माझा डावा पाय निकामी केला. कॅलिपर आणि कुबड्या यांच्या आधाराने मी शिकले, मराठी शिकवू लागले आणि २३ वर्षे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहिले. त्या जिन्याला ३६ पायऱ्या आहेत. इतकी वर्षे सगळा भार पेललेला उजवा गुडघा आणि दोन्ही खांदे आता झिजले आहेत, आणि डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितला आहे. तेव्हापासून रोहा, अष्टमी, वरसे आणि धाटावच्या बाजूला मिळून मी १९ घरे पाहिली. एकाही पायरीशिवाय रस्त्यावरून आत जाता येईल आणि आत गेल्यावर संडासापर्यंत पोहोचता येईल, असे त्यांत एकही नव्हते.

या १९ घरांची तीन प्रकारांत विभागणी करता येते. पहिला प्रकार जुन्या कौलारू घरांचा. त्यांचे जोते उंच, दारात तीन-चार दगडी पायऱ्या, मग ओटी, मग उंबरठा, मग माजघर, आणि परसदारी पुन्हा पायऱ्या. या घरांविषयी आपल्या ललित गद्याने इतके हळवे लिहिले आहे, की त्यांच्यावर टीका करताना अपराधी वाटते. पण ज्यांनी त्या घरांत म्हातारपण काढले त्यांना विचारावे. संडास परसात, विहीर परसात, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या. जुने घर सगळ्यांना सामावून घेत होते आणि नव्या इमारतीने ते बिघडवले, असा युक्तिवाद मला करायचा नाही. तो खोटा ठरेल.

दुसरा प्रकार तीन-चार मजली इमारतींचा. धाटावला औद्योगिक वसाहत आली, कामगार आणि नोकरदार आले आणि त्यांच्यासाठी या इमारती उभ्या राहिल्या. त्यांना लिफ्ट नाही. तळमजल्यावर दुकाने किंवा दवाखाना, आणि राहणारी माणसे वर. तिथे घर घेतलेली तिशीतली जोडपी आज सत्तरीत आहेत. धावीर महाराजांची पालखी नगरात फिरते तेव्हा वर पाहावे. खिडकीच्या गजांना धरून हात जोडणारे कितीतरी वृद्ध दिसतात. त्यांची श्रद्धा उणी नाही. त्यांना खाली उतरता येत नाही, इतकेच.

तिसरा प्रकार नव्या इमारतींचा, आणि माझा खरा वाद याच प्रकाराशी आहे. जुन्या घराला निदान अज्ञानाची सबब आहे. ही इमारत आज उभी राहते आहे. नकाशा आज मंजूर होतो आहे. ती खांबांवर उभी असते. खालचा संपूर्ण मजला मोकळा आणि वाहनांसाठी राखलेला. लोक त्याला 'स्टिल्ट' म्हणतात. नियमांप्रमाणे वाहनतळ द्यावाच लागतो, आणि खांबांखालचा हा वाहनतळ चटईक्षेत्रात मोजला जात नाही. तेव्हा बांधणाऱ्याच्या दृष्टीने तळमजल्यावर घर काढणे म्हणजे विकाऊ क्षेत्र वाया घालवणे होय. परिणामी गावातून 'तळमजल्यावरचे घर' ही वस्तूच नाहीशी होत चालली आहे. वर जायला लिफ्ट असते, हे खरे. पण लिफ्टचे दार वाहनतळाच्या पातळीवर नसते. ते तीन-चार पायऱ्या वर असते. ज्याला पायऱ्या चढता येतात त्याच्यासाठी लिफ्ट, असा हा विनोद आहे. त्यात कोकणातला पावसाळा आणि विजेचा लपंडाव. वीज गेली की लिफ्टही गेली.

आता त्याच इमारतीच्या फाटकाशी उभे राहून पाहावे. रस्त्यावरून आत येताना गटारावर सिमेंटचा सुबक उतार केलेला असतो. तो कोणासाठी? मोटारीसाठी. मोटारीचे चाक पायरी चढू शकत नाही, ही गोष्ट वास्तुविशारदाला, ठेकेदाराला, नगर परिषदेच्या अभियंत्याला आणि सोसायटीच्या अध्यक्षांना उत्तम ठाऊक असते. तिच्यासाठी कोणाला परिपत्रक काढावे लागत नाही, जाणीवजागृतीचे शिबिर घ्यावे लागत नाही. मोटारीकडून कोणी जिद्दीचीही अपेक्षा करत नाही. चाकाच्या खुर्चीलाही चाकेच असतात. पण तिच्यासाठी उतार मागितला, की तो 'विशेष सोय' ठरतो आणि मागणारा 'विशेष' माणूस ठरतो. जमिनीवरची जागा यंत्राला द्यायची आणि माणसाला वर पाठवायचे, हा निर्णय आपण घेतला आहे. तो निसर्गनियम नाही, आणि माझ्या पायाचा दोष तर नाहीच.

इथे साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आणि अध्यापकांचा काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. वर मी 'जिद्द' हा शब्द वापरला. अपंग माणसाविषयी मराठीत बोलायचे झाले की हा शब्द आपोआप जिभेवर येतो. आपली परंपराच पाहा. संतांनी 'पांगुळ' हे रूपक केले. तिथला पांगळा म्हणजे कृपेची वाट पाहणारा जीव. पांगळ्याने पर्वत ओलांडावा अशी कृपा आपण देवाकडे पिढ्यान्‌पिढ्या मागत आलो. पर्वतातून वाट काढावी, असे मात्र कोणी मागितले नाही. आधुनिक काळात कृपेची जागा जिद्दीने घेतली, एवढाच फरक. पर्वत आहे तिथेच आहे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठीत बऱ्यापैकी वाचले गेले. त्यांच्या पुढाकाराने १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली, आणि त्या संस्थेने 'घरौंदा' हे वसतिगृह बांधले. म्हणजे या कार्याच्या गाभ्याशी इमारत आहे. आम्हांला वावरता येईल अशी जागा आम्हीच उभारतो, असे त्या बांधकामातून सांगितले गेले. आपण वर्गात अशा पुस्तकांचे काय करतो? 'प्रेरणादायी' असा शिक्का मारतो, 'दुर्दम्य इच्छाशक्ती' हा मुद्दा फळ्यावर लिहितो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. मीही अनेक वर्षे तेच केले. पुस्तकाच्या शीर्षकात एक वस्तू आहे, त्या वस्तूला रुंदी आहे, तिला फिरायला जागा लागते, आणि आपण बसलो आहोत तो वर्ग कितव्या मजल्यावर आहे, हे प्रश्न आपल्या रसग्रहणात येत नाहीत. दलित आत्मकथनांनी आपल्याला शिकवले, की आत्मकथनातले दुःख हे लेखकाचे खाजगी दुर्दैव नसते, ते व्यवस्थेविरुद्धचे साक्षीदार असते. ती शिकवण आपण इथे लावत नाही. अपंगाच्या आत्मकथनातून आपण व्यवस्था वगळतो आणि इच्छाशक्ती ठेवतो. जिद्दीचे कौतुक ही जिना बांधणाऱ्याला दिलेली निर्दोषत्वाची पावती असते. "तुम्हांला काय, २३ वर्षे चढलात की!" असे मला एका घरमालकांनी म्हटले, तेव्हा माझीच जिद्द माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली.

भाषेचाच आणखी एक मुद्दा. मराठीत 'पायरी' म्हणजे चढण्याचे साधन, तशीच ती लायकीही. "आपली पायरी ओळखून वागावे" असे आपण म्हणतो. पायरी सोडली की माणूस घसरतो, आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. दगडाची पायरी आणि प्रतिष्ठेची पायरी यांना एकच शब्द असावा, हा योगायोग नाही. कोण आत आणि कोण बाहेर, हे जोत्याच्या उंचीवर ठरवण्याची आपली जुनी सवय आहे. उलट २०१५ च्या अखेरीस आम्हांला 'दिव्यांग' हे नवे नाव मिळाले. अपंग या शब्दात उणेपणा आहे, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. नावे बदलायला माझी हरकत नाही. पण १९ घरांपैकी एकाचीही पायरी या शब्दाने खाली आली नाही. ज्या समाजाला दगड हलवायचा नसतो तो शब्द हलवतो.

आता कायद्याकडे वळू. १९९५ चा अपंग व्यक्तींसंबंधीचा कायदा जाऊन त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेची व्याख्या आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. शिक्षणाची जागा, कामाची जागा, व्यापार, धर्म, संस्कृती, करमणूक, आरोग्यसेवा, पोलीस, न्यायालय, रेल्वे स्थानक आणि फलाट, बसस्थानक, विमानतळ, जलमार्ग अशी ती लांबलचक यादी आहे. इमारत सरकारी असो वा खाजगी, लोकांचा वावर असेल तर ती सार्वजनिक. यादी उदार आहे. तिच्यात फक्त घर नाही. रोह्याच्या फलाटावर मी असेन तोवर कायद्याला माझी काळजी आहे. फलाटावरून मी जिथे परतायचे, त्या जागेविषयी ही व्याख्या गप्प आहे. याच कायद्याचे पाचवे कलम मला समाजात राहण्याचा हक्क देते. समाजात राहायचे तर प्रथम कुठेतरी राहावे लागते, ही साधी गोष्ट या दोन तरतुदींच्या मध्ये हरवली आहे.

म्हणून कायदा अगदीच दुबळा आहे, असेही नाही. त्याचे ४४ वे कलम सांगते, की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेच्या बांधकाम आराखड्याला परवानगी देऊ नये. खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, फर्म आणि सहकारी संस्था हे तिन्ही शब्द आहेत. आपल्या गावात इमारत बांधते ती बहुधा एखादी फर्म, आणि ती पुढे चालवते सहकारी गृहनिर्माण संस्था. तेव्हा मंजुरीच्या टेबलावर प्रश्न विचारायला जागा आहे. ३७ वे कलम सरकारी गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण देते. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत अपंग आणि वृद्ध असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत, असे म्हटले आहे. पण तळमजला वाहनांनी व्यापलेला असेल, तर ही 'शक्यता' कुठून आणायची?

राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, बंधनकारक निकष तयार करा, असे न्यायालयाने केंद्र सरकारला बजावले. याचिकेपासून या निकालापर्यंत १९ वर्षे गेली. कागदावरचा हक्क आणि दारातली पायरी यांच्यातले हे अंतर आमच्या जिल्ह्याला नवे नाही. बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे १९२४ साली ठरावाने खुले केले. पण ते खऱ्या अर्थाने खुले करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह त्याच्या काठावर उतरावे लागले. जातीच्या अन्यायाशी माझ्या अडचणीची बरोबरी मी करत नाही. ती करणे उर्मटपणाचे होईल. पण ठराव झाला म्हणजे वाट उघडली असे होत नाही, एवढे तरी तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणसाने विसरू नये.

आता आक्षेपांकडे.

पहिला आक्षेप पावसाचा. कुंडलिकेला पूर येतो, १९८९ साली नागोठण्यात आणि जांभूळपाड्यात अंबा नदीने काय केले ते ठाऊक आहे, २०२१ साली महाड बुडाले. मग जोते उंच नको का? हवेच. आणि ते कुणाहीपेक्षा मला अधिक हवे, कारण पाणी चढू लागले तर माळ्यावर पळता न येणारी मीच आहे. पण उंची आणि पायरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीड फुटाच्या जोत्याला, एकास बारा या सर्वमान्य प्रमाणाने, अठरा फूट लांबीचा उतार पुरतो. तो भिंतीच्या कडेने वळवता येतो, त्यावर छप्पर घालता येते, त्याला कठडा लावता येतो. पूर हे उतार न बांधण्याचे कारण नाही. तो अधिक काळजीने बांधण्याचे कारण आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. नकाशा काढतानाच लिफ्टचे दार वाहनतळाच्या पातळीवर आणणे आणि संडासाचा दरवाजा दोन फुटांऐवजी तीन फुटांचा करणे, याला खर्च म्हणावे इतका खर्च येत नाही. बांधून झाल्यावर पाडून करायचे ठरवले, की खर्च येतो, सर्वसाधारण सभा येते, आणि "आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, आम्ही लिफ्टचे पैसे का द्यावेत?" हा प्रश्न येतो. महाग उतार नसतो. महाग पडतो तो उशीर.

तिसरा आक्षेप संख्येचा. "असे लोक किती?" २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे २.६८ कोटी अपंग व्यक्ती मोजल्या. त्यांत सुमारे ५४ लाख हालचालींशी संबंधित अपंगत्वाच्या होत्या. पण हा आकडाही मी पुढे करणार नाही. तुमच्या इमारतीत गेल्या पाच वर्षांत कोणा म्हाताऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवले असेल, ते आठवा. ती खुर्ची वळणावर तिरकी होते तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते मोजणारी जनगणना नाही. तो आकडा पुढे तुमचाही आहे. पायऱ्या चढणे हा आयुष्याचा काही काळ टिकणारा गुण आहे.

चौथा आक्षेप सर्वांत चिवट. घर ही खाजगी बाब आहे, तिथे सरकारचे काय काम? पण जोत्याची उंची, जिन्याची रुंदी, शौचालयाचे क्षेत्रफळ, मोटारींची संख्या, या सगळ्यांत नियम हात घालतातच. मोटार येताच घर सार्वजनिक होते आणि खुर्ची येताच ते खाजगी होते, हे कसे? १९८७ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एलिनॉर स्मिथ या कार्यकर्तीने एक साधी मागणी पुढे आणली. प्रत्येक नव्या घराला एक तरी बिनपायरीचे दार असावे, आतली दारे पुरेशी रुंद असावीत आणि खालच्या मजल्यावर वापरता येण्याजोगे शौचालय असावे. तिचा युक्तिवाद केवळ राहणाऱ्याचा नव्हता, पाहुण्याचाही होता. ज्या घरी आपल्याला जाता येत नाही, त्या घरची मैत्री आपल्याला बंद असते. इंग्लंडने १९९९ पासून नव्या घरांच्या बांधकाम नियमांत जवळजवळ याच गोष्टी आणल्या. तिथली घरे त्यामुळे सरकारी झाली नाहीत.

पाहुण्याचा मुद्दा मला मनापासून पटतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या लग्नांना मी मंडपात गेले. त्यांच्या घरी फार थोड्यांच्या गेले.

अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाल्यापासून रायगडात 'सेकंड होम'च्या जाहिरातींना ऊत आला आहे. मुंबईपासून किती मिनिटे, नदी किती जवळ, पोहण्याचा तलाव किती लांब, सगळे मोजून सांगतात. पायऱ्या कोणी मोजत नाही. माझी मागणी त्या मोजणीपासून सुरू होते. विक्रीच्या प्रत्येक माहितीपत्रकात रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, तो आकडा छापावा. रोहा अष्टमी आणि पेण यांसारख्या नगर परिषदांनी नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना रस्त्यापासून लिफ्टपर्यंत सलग उतार मागावा. तळाशी निदान एक-दोन घरे राखली जावीत, आणि तेवढे क्षेत्र वाहनतळाप्रमाणेच चटईक्षेत्रातून वगळावे. मोटारीला दिलेली सवलत माणसाला द्यायला हरकत नसावी. जुन्या इमारतीत एखाद्या सभासदाने स्वखर्चाने उतार करायचा म्हटला, तर सोसायटीने नाही म्हणू नये.

आणि आपण अध्यापकांनी? पुढच्या वेळी 'जिद्द' हा शब्द फळ्यावर लिहाल, तेव्हा त्याखाली एक प्रश्नही लिहावा. हा जिना कोणी बांधला?

मी अजून दुसऱ्या मजल्यावरच राहते. रोज ३६ उतरते, ३६ चढते. मधल्या वळणावर एक शेजारी हमखास भेटतात आणि म्हणतात, "बाई, तुमच्या जिद्दीला सलाम." सलाम मी स्वीकारते. ते सोसायटीचे सचिव आहेत. उताराचा माझा अर्ज त्यांच्याकडे चार महिने पडून आहे.